खिशातली शीळ

"ऐकू येऊन राहिलं का?"

लातूरच्या कानयंत्रांच्या दुकानात रईसाबेगम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की रस्त्यावरचा चहावाला आत डोकावला. खुर्चीत बसलेले त्यांचे नवरे, जिलानीमियाँ, हसले. "हळू बोल की. आता बहिरा न्हाई मी."

माझ्या वाट्याचा तो पहिला आवाज. मित्रांनो, मी एक जुनं कानयंत्र आहे. काजूएवढं, कातडीच्या रंगाचं. कुठल्या कारखान्यात घडलं ते आठवत नाही. जिलानीमियाँच्या उजव्या कानामागं बसलं आणि जगू लागलं.

औशात बसस्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बंद घड्याळ दुरुस्त झालं की ते माझ्याजवळ धरत आणि लेकरासारखे म्हणत, "चाललं!" ती टिकटिक त्यांना पोचवणं, हेच माझं काम आणि हेच माझं कौतुक. सात वर्षं.

मग ते अंथरुणाला खिळले. दुपारी झोपताना मला काढून वाटीत ठेवत. सेल मात्र तसाच राही. मी जागंच. मग पायथ्याशी बसलेल्या, दमलेल्या रईसाबेगम जे पुटपुटत, तेही मी ऐकत राही. ज्याला ऐकू जाऊ नये असं ते बोलणं, त्याच्याच कानासाठी घडलेल्या मी ऐकलं. तो सल माझ्यात अजून आहे.

गेल्या थंडीत जिलानीमियाँना लातूरला दवाखान्यात नेलं. तोंडावर मास्क लावताना नर्स म्हणाली, "कानातलं काढून ठेवा." मुलगा फरहाननं मला खिशात टाकलं. त्याला ते बरंच वाटलं. डॉक्टर जे सांगत होते ते अब्बांनी ऐकू नये, असं त्याला वाटत होतं. डॉक्टर गेले, तरी त्यानं मला परत लावलं नाही. तेवढ्यात रईसाबेगम आल्या, नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि कितीतरी वेळ बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "काही बोललं-चुकलं असेल तर कहासुना माफ करा." जिलानीमियाँनी मान हलवली. पहाटे ते गेले.

त्या बोलत होत्या तेव्हा मी फरहानच्या खिशात शीळ घालत होतं. मुठीत दाबलं की आम्ही वाजतो. त्याहून मोठ्यानं मला ओरडता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याच्या कानात यंत्र आहे ना, हे आधी बघा. मग बोला.

घरात प्रत्येकाचं दुःख वेगळ्या वाटेनं गेलं. लेक सादिया निलंग्याहून आली. कुराणाचे सिपारे वाचायची, मोठ्यानं रडायची. फरहाननं चौथ्या दिवशी दुकानाचं शटर उघडलं.

"दगड हायेस तू," सादिया म्हणाली.

त्यानं किल्ल्या उचलल्या आणि दुकानाकडं निघाला. तिथं तो माझा सेल बदलायचा आणि मला चालत्या घड्याळांजवळ ठेवायचा, हे तिला कुठं ठाऊक? रईसाबेगम मात्र शांत होत्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मान हलवली त्यांनी. माफ करून गेले." ते ऐकलं की फरहान उठून जायचा.

चाळिसाव्या दिवशी फातेहाची प्रार्थना झाली, पाहुणे पांगले. तिघंच उरले. रईसाबेगम पुन्हा म्हणाल्या, "मान हलवली त्यांनी..." फरहानची मूठ खिशात आवळली. मी वाजलं.

सादिया दचकली. "काय वाजून राहिलं?"

त्यानं मला बाहेर काढलं. "अम्मी, यंत्र माझ्यापाशी होतं. अब्बांनी काहीच ऐकलं न्हाई. उगंच मान हलवली."

"दगडा!" सादिया ओरडली.

"त्याला बोलू नको," रईसाबेगम म्हणाल्या. "मला ठाऊक हाय. त्या दिवशीबी हे असंच वाजत होतं, त्याच्या खिशात."

"मग मागितलं का न्हाई, अम्मी?" फरहाननं विचारलं.

त्यांनी मला तळहातावर घेतलं. कानाशी वाकावं तशा माझ्यावर वाकल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत.

"सादियाचे अब्बा, त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं असतं तर हे सांगायची माझी छातीच झाली नसती. तुम्ही झोपलात की मी रोज दुपारी म्हणायचे, अल्ला, ह्यांना उचल आता, मी थकले. रोज म्हणायचे."