नवशीच्या नावावर हिरीचा अंगठा

मी एक जुना स्टँप पॅड आहे. ओळख मागाहून करून देतो. आधी हिशेब ऐका, मित्रांनो. नवशीची बारा वर्षांची नोकरी कागदावर अकरा-अकरा महिन्यांचे तुकडे ठरली असती, तर धनेशशेठचे नव्वद हजार रुपये वाचणार होते. तेवढ्यासाठी माणूस किती खटपट करतो, ते मी पत्र्याच्या डबीत पडल्या पडल्या पाहिलं.

डहाणू रोडच्या एका दुकानातून कारखान्याचे मुनीम मेहताजी यांनी मला पस्तीस रुपयांना आणलं. धनेशशेठचा कारखाना फुग्यांचा. साचे रबराच्या रंगीत दुधात बुडवायचे, वाळवायचे, मग बायकांनी कडा वळून फुगे सोलून काढायचे. सही न येणाऱ्या बायका हजेरीबुकात अंगठा लावत, आणि तो माझ्यात बुडाल्याशिवाय उमटत नसे. त्यामुळे माझा मान मोठा. शाई सुकली की मेहताजी हळूच दोन थेंब घालत. चहा पाजावा तसं.

सगळे अंगठे मला पाठ होते. नवशीच्या अंगठ्यावर लहानपणी लागलेल्या विळ्याचा व्रण होता. उमटला की मधोमध पांढरी रेघ, शेतातल्या बांधासारखी. तिची नणंद हिरी. तिचा अंगठा रुंद, सपाट आणि शाईचा भुकेला.

दोघी उधव्याजवळच्या एका पाड्यावरच्या. जुलैत आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले की नवशी महिनाभर घरी जायची. निघताना शेठ एक कागद पुढे सरकवायचे.

"कसला कागद, शेठ?"

"सुट्टीचा. परत आलीस की जागा तुझीच. लाव."

ती लावायची. कागदावर राजीनामा छापलेला असायचा. मला वाचता येतं, बोलता येत नाही. नवशीचं नेमकं उलट.

शेठला कायदा चांगला ठाऊक होता. सलग पाच वर्षं राबलेल्या माणसाला निघताना प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. त्याला ग्रॅच्युइटी म्हणतात. दरवर्षी राजीनामा घेतला की पाच वर्षं भरायचीच नाहीत.

पण शेठ जितके हुशार तितकेच चिक्कू. जुलैमध्ये पंधरा ऑगस्टच्या केशरी, पांढऱ्या, हिरव्या फुग्यांची घाई असते. नवशीची जागा रिकामी ठेवून कसं चालेल? मग हिरीला निरोप जायचा. ती महिनाभर राबायची, पगार घ्यायची. मात्र बुकात नवं नाव चढवलं की फंड, विमा, दहा फॉर्म. शेठ मेहताजींना म्हणाले, "नाव राहू दे नवशीचं. अंगठा कोणाचा का असेना."

असे बारा जुलै गेले. मग नवशीची नजर अधू झाली, फुग्याचं बारीक भोक दिसेना. शेठनी तिला घरी पाठवलं. हात जोडून, रिकाम्या हाताने. डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे हवे होते. तलासरीच्या संघटनेतली शितल म्हणाली, "मावशी, तुझे पैसे निघतात." आणि तिने अर्ज ठोकला.

कामगार खात्याच्या कचेरीत मेहताजींनी बारा वर्षांची बुकं गोणीत भरून नेली. त्यांच्याबरोबर मीही गेलो.

शेठनी तिथल्या अधिकारी मॅडमसमोर बारा राजीनामे पत्त्यांसारखे मांडले. शितलने जुलैची पानं उघडली. "मॅडम, राजीनामा दिला तर दर जुलैला हिचं नाव हजेरीत कसं?"

शेठ हसले. याच प्रश्नाची ते वाट पाहत होते. "नाव आहे, पण अंगठा बघा ना मॅडम. तिचा नाही तो. खोटी हजेरी लावली या बेननी."

मॅडमनी माझं झाकण उघडून नवशीचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला. पांढरी रेघ आली. जुलैच्या पानांवर रेघ नव्हती.

"हा अंगठा तुमचा आहे?"

शितल नवशीकडे बघेना. होय म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर दावा गेला, असं तिलाही वाटत होतं.

"नाय मॅडम," नवशी म्हणाली. "आमच्या हिरीचा. मी आवणीला गेलेली."

"आणि हिरीला कोणी बोलावलं?"

मागच्या बाकावरून हिरीच उठली. "शेठनी सांगावा धाडलेला. झेंड्याचे फुगे अडलेले ना त्यांचे."

मॅडमनी चष्मा काढला. "शेठ, बदली रजेवरच्या माणसाची ठेवतात. जी सोडून गेली, तिच्या नावावर बदली कशी ठेवलीत?"

शेठ मेहताजींकडे बघू लागले. मेहताजी माझ्याकडे बघत राहिले.

दोन महिन्यांनी निकाल आला: नव्वद हजार, वर नऊ हजार व्याज. चेकच्या पावतीचा अंगठा द्यायला नवशी कारखान्यात आली, तेव्हा शितलकडून कागद दोनदा वाचून घेतला आणि मगच माझ्याकडे वळली. तो माझा शेवटचा अंगठा. त्यानंतर दाराशी बोटं ओळखणारं यंत्र लागलं. त्याला बदली चालत नाही. हिरीला पुन्हा निरोप गेला नाही.

मित्रांनो, मी आता खिडकीत सुकून पडलोय, त्याचं एवढं काही नाही. पण अंगठा असो वा सही, देण्याआधी कागद वाचा, येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या, आणि त्याची एक प्रत मागा. मागायला शाई लागत नाही.

आता बेरीज. पावतीच्या दिवशी याच खिडकीखाली नवशी हिरीला म्हणाली, "तुझे बारा जुलै म्हणजे बारा महिने. एक वर्ष झालं का नाय?"

"बुकात माझं नाव कुठंय, वहिनी?"

"माझ्या बुकात आहे. पैसे बँकेत आले की तुझे काढते. नाय म्हणू नको."

एका वर्षाचे साडेसात हजार होतात. नव्याण्णव हजार शेठनी भरले, कायद्याने भरायला लावले म्हणून. हिरीच्या वर्षाचे साडेसात हजार नवशीने भरले, कोणीही सांगितलं नसताना.