आधी हात लावला

"अशी हललीस तर वेणी पुन्हा घालावी लागेल," देल्मिरा धाकट्या बहिणीला म्हणाली. पण प्रिमितिवाचा पाय ठरत नव्हता. अकरा वर्षांनी ती गावात परतली होती, आणि आज प्रार्थनेला नोहेमी येणार होती. नोहेमी तिची लेक. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीची लाँच प्रिमितिवाला घेऊन गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. आता तिच्याच कडेवर मूल होतं.

"बाळाला आणेल ना गं, ताई?"

"आणेल. पण लगेच घ्यायला धावू नकोस."

ती परतल्यापासूनच्या तीन आठवड्यांत लेक दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा अंगणातूनच बोलली. प्रिमितिवानं पूर्ण बरी झाल्याचा डॉक्टरांचा कागद दाखवला, तर "वाचला, आई," एवढंच म्हणून वळली.

नदीकाठचं प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. चमत्कार बघायला या, असं पाळक एलिसेओ आठवडाभर दारोदार सांगत फिरले होते. गिटार वाजत होती, टाळ्यांनी पत्रे दणाणत होते. पाळकांनी शुभवर्तमानातली कुष्ठरोग्याची गोष्ट वाचली आणि प्रिमितिवाला पुढे बोलावलं.

"सांगा बाई, प्रभूनं तुम्हाला कसं बरं केलं?"

ती गर्दीकडे वळली. तेवढ्यात दाराशी बाळाला घेऊन उभी असलेली नोहेमी दिसली, आणि इथं सांगायला म्हणून पाठ केलेलं सगळं ती विसरली.

"मी गोळ्यांनी बरी झाले," ती म्हणाली. "अकरा वर्षं, रोज."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"गोळ्याही देवानंच दिल्या, म्हणा की," पाळक हळूच पुटपुटले.

"दिल्याच. पण पाळकसाहेब, तुम्ही आत्ता वाचलंत ना, ते मी तिथं किती वेळा वाचलं असेल. वादळ ज्याचं ऐकतं त्याचं रोग ऐकणार नाही? लांबून नुसता शब्द टाकला असता तरी तो माणूस बरा झाला असता. मग प्रभूनं हात का लावला? आणि बरा झाल्यावर नाही लावला. आधी लावला. अंगभर चट्टे होते तेव्हा."

ती भराभर बोलत होती.

"वसाहतीत पहिल्याच दिवशी एका नर्सनं माझा हात धरला. म्हटलं, बाई, सोडा. तर म्हणते कशी, सोडला तर पडशील, पायऱ्या ओल्या आहेत. मी बरी झाले ती तिथं, त्या पायऱ्यांवर. रोग काय, तो सावकाशीनं गेला."

पाळकांनी गाणं सुरू करायला सांगितलं.

प्रार्थना संपली. 'देव भलं करो' असं लांबूनच म्हणत लोक बाहेर पडू लागले. प्रिमितिवा पुढच्या बाकावर बसून राहिली. गर्दी ओसरल्यावर नोहेमी आली. बाळाला तिनं मावशीकडे दिलं आणि आईच्या शेजारी बसली. मग तिनं आपला हात आईच्या हातावर ठेवला.

रोग गेला होता, पण जाताना त्यानं बोटांतली जाणीव नेली होती. ती कुठल्याच गोळीनं परत येणार नव्हती. लेकीचा तळवा ऊन आहे की गार, पकड घट्ट आहे की सैल, प्रिमितिवाला काही कळत नव्हतं.

म्हणून मान खाली घालून ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली.