रिकामी गाडी

"नट सोडलास का?" फिरोजनं गाडी स्टँडला लावायच्या आत अमजदनं विचारलं.

फिरोजनं मोटारसायकल स्टँडवर ओढली. मागच्या रिकाम्या टोपल्या अजून हलत होत्या. उंबऱ्यावर बसलेला अमजद पुढं वाकला आणि मागच्या चाकापाशी ब्रेकचा नट चिमटीत धरून पाहिला. सकाळी आवळला तसाच होता.

भिगवणहून बारामतीला मासळी नेणारे सकाळी मागचा ब्रेक आवळतात, कारण बर्फासकट भरलेली गाडी ढिल्या ब्रेकला दाद देत नाही. मासळी विकली की तोच नट सैल करून माघारी फिरायचं. रिकाम्या गाडीचं मागचं चाक हलकं. आवळलेल्या ब्रेकवर पाय पडला की ते जाग्यावर अडकतं आणि गाडी मात्र घसरत पुढं जाते. त्यात टोपल्यांतलं पाणी टायरवर ठिबकत असतं. अमजदनं हा नेम कधी चुकवला नव्हता. तरी गेल्या हिवाळ्यात मदनवाडीच्या उतारावर म्हैस आडवी आली आणि त्याचा उजवा पाय घोट्यापासून ताठून लाकूड झाला. तेव्हापासून गाडी लेकाकडे आणि उंबरा त्याच्याकडे.

"चाक न्हाय थांबवायचं, गाडी थांबवायची," तो म्हणाला. "दाबायचं, चाक अडकतंय वाटलं की सोडायचं, परत दाबायचं. चाक फिरतं असलं तरच गाडी आपलं ऐकती."

"परदेशात तसल्या मोटारसायकली निघाल्यात, अब्बा. ब्रेक आपला आपण धरतोय, आपला आपण सोडतोय. पेपरात आलंय."

"म्हंजी यंत्राला बी कुणीतरी शिकवलं. मला पोराला शिकवाय जमंना."

फिरोजचा पारा चढला. "तुमी जन्मभर नट सोडला. तरी पडलासाच की."

चुलीपाशी बसलेल्या रशीदाचा हात थांबला. नवऱ्याला हे किती लागलं असेल, ते तिला न बघताच कळलं.

"पडलो," अमजद म्हणाला. "नट सोडला हुता म्हणून पायावर भागलं."

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी फिरोजचा पत्ता नव्हता. अमजद रस्त्याकडे कान लावून बसला होता. अखेर मशिदीमागच्या उतारावर ओळखीची फटफट ऐकू आली आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या बानूबाईची शेळी रस्त्यात उतरली. अमजदला ओरडायचंही सुचलं नाही. टायर किरकिरला, सुटला, पुन्हा किरकिरला, पुन्हा सुटला. गाडी सरळ येऊन शेळीच्या अलीकडे थांबली.

फिरोज गाडी दारात लावून हातपाय धुवायला गेला. अमजदनं आज नटाला हात लावला नाही.

रशीदा अमजदला जेवायला बोलवायला बाहेर आली. त्याच्या उजव्या पायाची चप्पल मातीत रुतली होती आणि तो लाकूड झालेला पाय गुडघ्यापासून अजून जमिनीवर दाबत होता, सोडत होता, दाबत होता. तिनं खाली बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आलाय त्यो," ती हळूच म्हणाली.

पाय थांबायला जरा वेळ लागला.