दातेरी कड

पाच वाजायच्या आत ताईचा प्रबंध गेला नाही, तर मग थेट सहा महिन्यांनी. आणि अडलं कशावर? एका चित्रावर! त्रिकोणी पत्रा, त्याच्या तिन्ही कडा बर्फात, आणि मध्ये कुठे किती उष्णता ते डोंगरासारखं दाखवायचं. डोंगर झकास आला होता, पण तिरकी बाजू म्हणजे निव्वळ करवत. सरांनी दोनदा परत पाठवलं. "कड दातेरी आहे."

ताईने चित्राच्या जाळीतल्या चौकटी आणखी बारीक केल्या. प्रबंध जुळवणारं आणि चित्रंही काढणारं सॉफ्टवेअर वीस मिनिटं घुरघुरलं आणि म्हणालं, मेमरी संपली. सव्वातीन.

"तू करतेस काय नक्की?" मी विचारलं.

"चौकोनभर ठिपके मांडते, त्रिकोणाबाहेरचे उडवते. तुला काय कळणार? जा तू."

माझं टाळकंच सटकलं. शाळा सोडली म्हणून डोळेपण सोडले का मी? दोन वर्षं शिवणाच्या दुकानात काय माशा मारतेय?

"अगं, चौकटी-चौकटीने कापड कुरतडल्यावर कड सरळ येईल का? उंदीर आहेस का तू?"

"मग काय करू, शिंपीणबाई?"

"कापूच नको. चुण्या घाल! परकराच्या घेराला जेवढे धागे, तेवढेच कमरेला, फक्त जवळ जवळ. टोकाला सगळे एकत्र."

ताई स्क्रीनकडे वळली. मग पुटपुटली, "म्हणजे ठिपके तेवढेच, उरलेल्या रुंदीत वाटायचे... एक वजा एक्सने गुणायचं..." आणि टाइप करत सुटली.

चार सेकंदांत चित्र आलं. कड दोरी ताणल्यासारखी सरळ! ताई नाचायलाच लागली.

"थांब," मी म्हटलं. "कडा बर्फात ना? मग ही बाजू जमिनीखाली का चाललीय?"

ताईने कपाळावर हात मारला. ठिपके हलवले होते, पण उंची अजून जुन्याच जागेवरून मोजत होती. तेही बदललं. आता डोंगर तिन्ही कडांना अलगद टेकला.

पावणेपाचला सरांचा निरोप आला. "ठीक. जमा करा."

ताईने बटण दाबलं, आणि खुर्चीत अशी सैलावली, जणू कुणी तिच्या पाठीतली सुई काढली.

"आभारात तुझ्याबद्दल काय लिहू गं?"

"लिही, उंदीर सुधारला."