फुटका बांध आणि गोरखचा बेंजो

मला राग लवकर येतो, हे पेणमध्ये कुणालाही विचारा. पण त्या दिवशीचा राग काही वेगळाच होता. रोह्यात स्पर्धा भरवणाऱ्या हैबतरावांचा फोन आला, "ताई, तुमचा बँड घेतलाय आम्ही स्पर्धेत. फक्त तो बेंजोवाला नको."

"का हो?"

"अहो, रॉक बँडची स्पर्धा आहे. हळदीचा टेंपो थोडाच चढवायचाय स्टेजवर!"

असं म्हणून हसला वर. डोक्यात अशी तिडीक गेली की फोन भिंतीवर आपटणार होते.

आमचा बँड म्हणजे माणसं तीन. गाणं आणि गिटार माझं, म्हणजे नूतनचं. ड्रम अक्षयचे, तो रोह्याजवळ एका कंपनीत शिफ्ट करतो. आणि बेंजो गोरखचा. बेंजो म्हणजे आपल्याकडे हळदीला, मिरवणुकीला वाजतो तोच, तारांवर बटणं बसवलेला. गोरख कासूच्या पलीकडच्या कातकरवाडीतला. एरवी मजुरी करतो, लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतो. तीन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत मी त्याला ऐकलं आणि हात धरून मामाच्या गणपतीच्या कारखान्यात आणलं. माझ्या गिटारचा, आवाज फाडणारा पेडल त्याच्या बेंजोला जोडला. असा आवाज निघाला की रंगकाम करणारी माणसं ब्रश टाकून उठली. मामा म्हणाला, "अगो, खारबंदिस्तीचा बांध फुटला काय?" खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घालतात तो बांध. तेच नाव ठेवलं बँडला. फुटका बांध.

त्या तीन वर्षांत आम्ही काय काय ऐकून घेतलं! बँड म्हटलं की लोक विचारायचे, "वरातीला घोडा तुमचा की आमचा?" वडखळला एका हॉटेलच्या उद्घाटनाला बोलावलं आणि आरती वाजवायला लावली. एका गॅदरिंगला तिसऱ्या ओळीवर कुणीतरी प्लगच काढला. सगळं गिळलं. पण बेंजो काढा? अरे, आमच्या 'मिठागर' गाण्याचा जीवच त्या बेंजोत. सुरुवातीचं त्याचं अर्धं मिनिट काढलं तर मागे नुसता माझा आरडाओरडा उरतो. आणि स्पर्धेचं बक्षीस होतं मुंबईच्या स्टुडिओत एक गाणं रेकॉर्ड करायचं. ते गाणं गोरखशिवाय रेकॉर्ड झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने ऐकलं असतं?

दुसऱ्याच दिवशी रोह्याला गेले. हैबतरावांचं फर्निचरचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं होतं, त्याच्यासमोरच सुरू केलं.

"तुमच्या मुलीच्या हळदीला कोण नाचलं होतं बेंजोवर? तुम्हीच ना? तेव्हा चालतो, मग स्टेजवर काय त्याला काटे येतात?"

"ताई, आवाज खाली..."

"नाही होत माझा आवाज खाली! बेंजो नसेल तर आम्ही नाही. आणि का नाही ते मी सगळ्या जिल्ह्याला सांगणार."

सांगितलंच. फेसबुकवर हे एवढं लांबलचक लिहिलं. गोरखच्या बोटांवर लिहिलं, त्याच्या वाडीवर लिहिलं, कलेतल्या भेदभावावर लिहिलं. लोकांनी वाहवा केली. पनवेलच्या एका पत्रकाराने फोन केला, त्यालाही अर्धा तास ऐकवलं. आठव्या दिवशी हैबतराव नमले. "आणा बाई तुमचा बेंजो. रविवारी चार वाजता. वेळेवर या म्हणजे झालं."

काय कॉलर ताठ माझी! बँडच्या ग्रुपवर टाकलं: जिंकलो! अक्षयने सतरा अंगठे पाठवले.

कारखान्यात तेव्हा परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम जोरात होतं, पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोन आठवडे सराव बंद होता. नाहीतर आमचा सराव ठरलेला असतो. दर सोमवारी, अक्षयच्या सुट्टीला, गोरख बेंजो पाठीला लावून बरोबर दहाला हजर.

रविवारी दुपारी एकला मी आणि अक्षय भाड्याच्या टेंपोत सामान टाकून निघालो. म्हटलं, वाटेत कासूहून गोरखला उचलू. मी अक्षयला विचारलं, "किती वाजता उभं राहायला सांगितलंस त्याला?"

"मी? मला वाटलं तू सांगितलंयस."

"अरे, ग्रुपवर टाकलं नव्हतं का मी?"

अक्षय म्हणाला, "नूतन, गोरखकडे बटणांचा फोन हाय. तो ग्रुपवर कवा होता?"

लगेच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मला रागच आला, आणि तोही गोरखचा! एवढी जिल्हाभर मी त्याच्यासाठी भांडतेय आणि हा फोन उचलत नाही!

वाडीचा रस्ता विचारत विचारत गेलो. त्याची आई, गिरजाबाई, ओट्यावर लाकडं फोडत होती. मी कोण ते तिला सांगावं लागलं. म्हणाली, "गोरख हळदीला गेलाय, पलीकडच्या वाडीत."

पलीकडच्या वाडीत मांडव, पिवळी झालेली माणसं, आणि टेंपोच्या हौद्यात बसून गोरख वाजवत होता. मी गर्दीत घुसून ओरडले, "गोरख! चल, उतर खाली! रोह्याला चारला आपला नंबर आहे!"

गाणं पुरं केल्याशिवाय त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "आज? माजी आज हळदीची सुपारी हाय."

"अरे, कसली हळद? स्टुडिओचं बक्षीस आहे! तुझ्यासाठी मी त्या हैबतरावाशी भांडले, पेपरवाल्यांना बोलले..."

"माज्यासाठी?" त्याने तारा छेडायची पट्टी बाजूला ठेवली. "मला ठाव नाय ते. ह्या पोराचा बाप धा दिसांपूर्वी माज्या दारात आला. नारळ ठेवला, सुपारी दिली, बसला, आयशीच्या हातचा चहा प्याला. मी व्हय म्हटला. सुपारी घेतली की वाजवायचं. त्यात बदल नाय."

"अरे, पण आपण एका बँडातले ना! आपल्यात कसली सुपारी?"

"मंग सांगायचं व्हतं. तीन वर्सं मी येतो तुज्याकडं, दर सोमवारी. तू माज्या दारात कवा आलीस गो? आज आलीस ती पयल्यांदा. ती बी उतर खाली म्हणाया."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, ते मला येतं. तो नुसता बोलला आणि नवरदेवाच्या बापाने खूण केल्यावर पुढचं गाणं सुरू केलं. माझ्याच पेडलवर शिकलेली एक जागा त्याने त्यात घेतली आणि बाया नाचायला लागल्या. अक्षय म्हणाला, "चल, उशीर होतोय."

टेंपोत मी नागोठण्यापर्यंत बडबडत होते. असा कसा, एक दिवस सोडता येत नाही काय, दुसरा बेंजोवाला मिळाला असता त्यांना. पुढे बडबड थांबली, कारण त्या लांबलचक पोस्टमधली गोरखची वाडी मी आज पहिल्यांदा बघितली होती.

रोह्याच्या हॉलच्या दारात हैबतराव यादी घेऊन उभे होते. त्यांनी टेंपोत वाकून बघितलं, ड्रम मोजले, गिटार बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. यादीतल्या 'बेंजो'वर आडवी रेघ ओढून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"शाबास, ताई! एवढं बोललात मला, पण शेवटी काढलात ना त्याला? मी म्हणतच होतो, तुम्ही समजूतदार आहात."

शिव्या मला भरपूर येतात. त्या वेळी मी फक्त त्यांचा हात खांद्यावरून बाजूला केला.

"मी काढलं नाही हो त्याला," मी म्हटलं. "मी त्याला बोलावलंच नव्हतं."