लवू परबाचे बेणे

"हलवू नका. आधी गोणपाट घाला, मग कापा," शेतकी खात्याचे गुरुदास नाईक बांधावरून म्हणाले.

उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा एक काळा, लांब पट्टा वर आला होता. लवू परबाने ओले गोणपाट त्याच्यावर अलगद उतरवले, तोंड मुठीत आवळले आणि खाली कोयती चालवली. तरीही थोडी काजळी त्याच्या मनगटावर बसलीच. खाडीवरचा वारा सुटण्याआधी हे सारे उरकायचे होते. वारा ती काजळी कुठेही नेऊ शकत होता.

"काणी म्हणतात हिला. मुख्यतः बेण्यातून येते," गुरुदास म्हणाले. "उसाची बेटे मुळासकट काढून जाळा. दोन-तीन वर्षे या जागी ऊस नको. हे बेणे आणखी कुणाला दिलेत?"

"सात घरांका."

वालावल गावात लवूची ओळख एवढीच होती. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या पाच गुंठ्यांतला हा पांढरा, मऊ ऊस त्याच्या आईने लग्नानंतर माहेराहून आणला होता. पौषात ज्याला लावायचा असेल तो लवूच्या अंगणात येई. लवू कांड्या तोडी, केळीच्या सोपाने मोळी बांधी आणि खांद्यावरून पोचवूनही देई. पैसे घेत नसे. एरवी गावकीत त्याला कुणी काही विचारत नसे. त्याचा आवाजही फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता. पण मोळी खांद्यावर असली की लोक त्याला ओटीवर बसवत, आणि तो थोडा वेळ बसे.

"तुमच्याकडून रोग गेला असे सिद्ध करता येणार नाही," गुरुदास हळू आवाजात म्हणाले. "मीही तसे कुठे लिहिणार नाही."

लवू मनगटावरची काजळी पुसत राहिला. पुसली तशी ती पसरत गेली.

"सायब, गेल्या वर्साक दोन बेटांक ह्या इला होता. मियां हातान मोडलंय, व्हाळात टाकलंय. आणि त्याच बेटांचा बेणा बांधलंय."

"रोग आहे हे माहीत होते?"

"रोग म्हणान नाय. पण बरा नाय, ह्या म्हायत होता. पौष इललो. लोक दारात इलले."

गुरुदासांनी खिशातले पेन काढले आणि परत ठेवले. "सातही घरांना खात्याची नोटीस देतो."

"कागद नको. मियां दिलंय, मियांच काढतंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कुदळ, कोयती आणि गोणपाट घेऊन निघाला. पहिले घर परशुरामाचे. त्याच्या उसात तीन काळे पट्टे हलत होते.

"काय रे लवू, दिलला परत मागूक इलस?" परशुराम ओटीवरून ओरडला. "उद्या लग्नात वाढललो भात पण मागशीत!"

आतून बायका हसल्या. लवूने गोणपाट पाण्यात बुडवले.

"चूक माझी आसा," तो म्हणाला. "माका दिसलला. मियां सांगूक नाय."

हसू थांबले. परशुराम खाली उतरला, पण त्याने हात लावला नाही. जाताना ओटीवर बस असेही म्हणाला नाही.

प्रत्येक अंगणात लवू तेच दोन वाक्यांत सांगत होता. एवढे तो त्या गावात कधी बोलला नव्हता.

चौथ्या दिवशी शेवटचे घर राहिले, त्याची बहीण यशोदा हिचे. तिच्या परड्यातला ऊस हिरवागार होता, एकही काळा पट्टा नाही. ती वाटेत आडवी उभी राहिली.

"माझ्या उसाक कायएक नाय. हात लावू नको, दादा. आवशीचो ऊस. तुझो गेलो, ह्यो तरी रवांदे."

"त्याच बेटाचो आसा गो."

"कोण म्हणता?"

"मियांच मोळी बांधललंय."

"मगे गप रव! कोण बघूक येतासा?"

लवूने खांद्यावरची कुदळ खाली घेतली. मग यशोदा बाजूला झाली. पहिले बेट उपटले गेले तेव्हा ती पाठ फिरवून माडाच्या आळ्यात पाणी घालत होती. आळे भरून पाणी वाहू लागले तरी तिचा हात थांबला नाही.

कार्तिकात गुरुदास सांगून गेले: पौषात दुसऱ्या जागेत लावायला सरकारी शेतावरून निरोगी बेणे येईल, वाटप लवूनेच करावे. लवूने हात जोडले. "तुमच्या हातान द्या, सायब."

तुळशीच्या लग्नाला त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुडाळच्या बाजारातून ऊस विकत आणला. अंगणात बसून त्याने शेंडा तपासला, पाने दूर करून आत पाहिले. मग कोयतीच्या टोकाने पेरापेरावरचा, जिथून नवा कोंब फुटतो तो एकेक डोळा कोरून काढू लागला.

"ह्या आणि कित्याक?" सुगंधाने, त्याच्या बायकोने, विचारले.

"लगीन झाल्यावर कोणी न्हेवन लावल्यान तर?"

ती आत गेली. लवूने मातीत पडलेले डोळे वेचले, मुठीत धरले आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकले. मग ऊस वृंदावनाशी सरळ उभा करून बांधला.