सुदामसाठी फिरलेला भोंगा

मित्रांनो, माझ्या अंगाला तोंडाखेरीज फारसं काही नाही. पाठीमागे आवाज काढणारं मुठीएवढं युनिट आणि त्याच्यापुढे उमलत गेलेलं हे पत्र्याचं भलंमोठं तोंड. डहाणूकडच्या रानशेतच्या एका पाड्यावर, सुदामच्या घरात, वाशाला मी उलटा टांगलेला असतो. जुना, पोचे पडलेला भोंगा. कोळ्याने माझ्यात जाळं विणलं आहे. तरी आज मला बोलायचं आहे, कारण या घरात घडलेलं सांगायचा धीर घरातल्या माणसांना अजून होत नाही.

मी कारखान्यात जन्मलो. ॲल्युमिनियमची चकती यंत्रावर गरागरा फिरवून, दाबून दाबून मला आकार दिला गेला. मग डहाणू स्टेशनजवळच्या एका दुकानात वायरींच्या आणि बल्बांच्या गर्दीत मी लटकत राहिलो. एके दिवशी सुदाम आला. नुकतं लग्न झालेला, चिकूच्या वाडीत मजुरी करणारा तरणा माणूस. दुकानदाराने मला चालू करून दाखवलं, तेव्हा सुदामने माइक तोंडाजवळ धरून एवढंच म्हटलं, "ऐकाय येतंय ना?" रस्त्यावरून जाणारी माणसं थबकली. भरदार, मोकळा आवाज होता तो, आणि त्यात हसू मिसळलेलं होतं. मी त्याच्याबरोबर त्याच दिवशी घरी आलो.

आमचे ते दिवस सुखाचे होते. पाड्यापाड्यांवरच्या लग्नांत आम्ही वाजलो. पोलिओच्या डोसाची, रेशनची, ग्रामसभेची दवंडी दिली. पण सुदामचं खरं नाव झालं ते क्रिकेटच्या सामन्यांत. भात कापून झालं की मोकळ्या शेतांवर स्पर्धा भरत. कासापासून तलासरीपर्यंत मंडळं त्यालाच बोलावत. मराठी, वारली आणि गुजराती अशा तिन्ही बोली एका वाक्यात गुंफून तो सामना सांगायचा. झेल सुटला की म्हणायचा, "अरे भाई, चेंडू हातात आलेला, पण याचं लक्ष जेवणाच्या पातेल्यात!" आणि सगळं मैदान हसायचं. त्याची बायको जमना लेक प्रगतीला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहून ऐकायची. ती स्वतः अबोल. माइकला तिने कधी हात लावला नव्हता.

सुदामच्या गालात मात्र कायम गुटख्याची पुडी असायची. जमना पुड्या लपवायची, तो शोधून काढायचा. त्यावरून त्यांच्यात भांडणं व्हायची. मग तो हसवायचा आणि भांडण तिथेच संपायचं.

पुढे मोठ्या बॉक्सचे डीजे आले आणि लग्नांतून मी बाद झालो. सामन्यांना तेवढा मी जायचो. तिथेच मला पहिल्यांदा जाणवलं की सुदामचे शब्द घोगरे, जड येऊ लागले आहेत. 'चौकार' म्हणताना त्याची जीभ अडखळायची. पोरं ओरडायची, "सुदामदादा, आधी घास गिळ ना!" तोही हसायचा. पण माइक खाली ठेवला की गाल दाबून धरायचा.

गालाच्या आत जखम झाली होती. आधी भगताकडे फेऱ्या झाल्या. मग घरचा पाला लावून झाला. चांगले तीन-चार महिने असेच गेले. जमनाने शेवटी त्याला हाताला धरून कासाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. नंतर म्हणाल्या, "मुंबईला जा. उद्या म्हणू नका, आजच निघा."

मुंबईत ऑपरेशन झालं. सरकारी योजनेत ते बसलं, पण जाणंयेणं, राहणं, बाहेरून आणायची औषधं, या सगळ्यात घरच्या शेळ्या गेल्या, जमनाच्या गळ्यातलं गेलं, प्रगतीचं कॉलेज सुटलं. सुदाम घरी आला तेव्हा त्याच्या तोंडावर पांढरा पंचा गुंडाळलेला होता. अर्धा जबडा आणि जवळजवळ सगळी जीभ काढून टाकली होती. नाकातल्या नळीतून जमना त्याला पेज घालायची. मी वाशावरून पाहत होतो. तो माझ्याकडे बघायचा नाही. सामन्याचं बोलावणं घेऊन कुणी दाराशी आलं, की भिंतीकडे तोंड करून पडायचा.

काही महिन्यांनी मानेत गाठ आली. रोग परतला होता. डॉक्टरांनी एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. ते योजनेत बसत नव्हतं आणि एका इंजेक्शनला लागतील तेवढे पैसे या घराने कधी एका वेळी पाहिलेले नव्हते. "बरं होईलच असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण वाढ थांबू शकते." 'शकते' हा एवढाच शब्द पदराच्या गाठीला बांधून जमना घरी आली.

प्रगतीने फोनवर बापाचा जुना फोटो टाकला, मैदानातला, माइक हातात धरलेला. खाली मदतीचे चार शब्द लिहिले. थोडे पैसे आले, मग थांबले. तेव्हा शेजारचा रविंद्र, जो कासा-चारोटी फाट्यावर जीप चालवतो, तो म्हणाला, "वहिनी, भोंगा काढू. जीपवर बांधू. बाजारा-बाजारात फिरू. दादाचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, लोक देतील."

"आणि बोलेल कोण?" जमनाने विचारलं.

रविंद्रने तिच्याकडेच बोट केलं.

"माझ्याच्यानं नाय होणार. माझ्या घशातून आवाज नाय निघायचा."

सुदामने पडल्या पडल्या हात जोरजोराने हलवला. नको, नको. जमनाने त्याच्याकडे पाहिलं, उठली, आणि स्टुलावर चढून तिनेच मला खाली काढलं. पदराने पुसलं.

मित्रांनो, कासाच्या बाजारातली ती सकाळ मला आठवते. जीपच्या टपावर मी, खाली माइक धरून जमना. पहिल्यांदा माझ्यातून फक्त तिचा श्वास बाहेर पडला. लोक वर बघू लागले. मग ती म्हणाली, "मी... मी सुदामची बायको. क्रिकेटचं बोलायचा तो सुदाम. त्याला कॅन्सर झालाय. त्याला आता बोलता येत नाय, म्हणून मी आले." तेच तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगितलं.

गर्दीतून कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "पुडी खाताना आम्हाला विचारलं होतं काय?"

काही जण हसले. मला वाटलं, आता ही माइक टाकून देईल. पण जमना म्हणाली, "खात होता. मी खोटं नाय बोलणार. मी लपवायची, तो शोधायचा. चुकलाच तो. पण चुकलेल्या माणसाला मरू द्यायचं असतं काय, भाऊ? तूच सांग, मी त्याला घरी जाऊन काय सांगू?"

सुक्या मासळीची पाटी घेऊन बसणारी पुतळी नावाची म्हातारी उठली आणि तिने कमरेच्या पिशवीतली सगळी चिल्लर जीपवरच्या डब्यात ओतली. मग बरेच जण आले. ज्याने टोमणा मारला होता, तोही आला. पैसे टाकून मान खाली घालून गेला.

पहिलं इंजेक्शन त्यातून झालं. मी हरखलो होतो. इतक्या वर्षांत माझ्यातून एवढं मोलाचं काही बाहेर पडलं नव्हतं, असं मला वाटू लागलं.

पण दुसऱ्याच फेरीत सगळं फिरलं. प्रगतीने टाकलेला फोटो कुणा अनोळखी माणसाने उचलला होता. तोच माइक, तेच हसू, फक्त नाव दुसरं आणि पैसे पाठवायचा नंबरही दुसरा. लोकांनी त्या नंबरवर पैसे पाठवले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि फोनाफोनांतून निरोप फिरला, की हा फोटो फसवणुकीचा आहे, कुणी एक पैसा देऊ नका.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. नरपडला किनाऱ्यावर गेलो, तर बायांनी तोंडं फिरवली. एकीने स्वतःच्या फोनवरचा तो निरोप जमनापुढे धरला. प्रगतीने वाचून दाखवला. जमनाला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे आपल्या माणसाचं आजारपण कुणी चोरून नेलं?" ती रडली नाही.

इंजेक्शनची तारीख जवळ आली. तलासरीचा बाजार तेवढा राहिला होता. निघताना सुदाम दारात उभा होता, अंगात धुतलेला शर्ट, तोंडाला पंचा. नळी त्याने कानामागे चिकटवली होती. जमना म्हणाली, "तू कशाला? ऊन लागेल." तो जीपमध्ये जाऊन बसला.

तलासरीत तेच झालं. जमना बोलू लागताच चार-पाच तरुण पुढे आले. त्यातला एक म्हणाला, "मावशी, हे सगळं खोटं आहे. आमच्या मोबाइलवर आलंय. तुझा माणूस खरा असेल तर दाखव."

"घरी चला, दाखवते. इथं नको," जमना म्हणाली.

"घरी कशाला? इथंच दाखव."

जीपचं दार उघडलं. सुदाम खाली उतरला. सावकाश चालत जमनाजवळ गेला, तिच्या हातातला माइक घेतला आणि दुसऱ्या हाताने तोंडावरचा पंचा सोडला.

ते तोंड कसं होतं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांतल्या काही जणांनी डोळ्यांवर हात ठेवले. सुदामने माइक तोंडाशी नेला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माझ्यातून एक ओला, घरघरता सूर बाहेर पडला. शब्द नव्हता तो. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. सगळ्या बाजारावरून तो सूर गेला. जे आत येतं तेच मी मोठं करून बाहेर टाकतो, मित्रांनो. त्याला शब्द देणं मला जमलं असतं, तर मी माझा पत्रा फाडून घेतला असता.

तो तरुण मागे सरकत म्हणाला, "सुदामदादा? अरे, हे तर सुदामदादा. आमच्या गावच्या फायनलला..." आणि त्याने हातातला मोबाइल खिशात घातला.

त्या दिवशी डबा भरला. इतके पैसे आधी कधी जमले नव्हते. लोक येत होते, टाकत होते, सुदामच्या पायाशी वाकत होते. जमनाने मात्र एकदाही डब्याकडे पाहिलं नाही. ती पंचा नीट बांधत राहिली, पुन्हा सोडून पुन्हा बांधत राहिली. जीपमध्ये बसल्यावर ती त्याला म्हणाली, "तुझं तोंड मी बाजारात मांडलं रे." सुदामने तिच्या डोक्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो हात तसाच होता.

दुसरं इंजेक्शन झालं, तिसरंही झालं. मग तपासणीत कळलं की रोग छातीत उतरला आहे. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. त्यांना दुखणार नाही एवढं पाहू." जमनाने विचारलं, "अजून मागून आणले तर?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

पावसाळा सरत आला होता, भात पोटरीत आलं होतं, तेव्हा सुदाम गेला. दुपारची वेळ होती. जमना नळीतून पाणी घालत होती, आणि ते आत जाईना. रविंद्र आला, म्हणाला, "वहिनी, भोंग्यावरून कळवू का सगळीकडे?" जमना म्हणाली, "नको. त्याच्यासाठी आता कुणापुढे ओरडायचं नाय."

मला पुन्हा वाशाला टांगलं गेलं. जमना वाडीत चिकू वेचायला जाते. प्रगती वापीला एका कारखान्यात लागली आहे. दूर कुठे सामना चालू असला आणि त्याचा आवाज वाऱ्यावर आला, की जमना हातातलं काम टाकून आत येते आणि दार लावून घेते.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी गंजलो तरी कुणाचं काही जात नाही. पण बाजारात कधी एखादी बाई माइक धरून चाचरत उभी दिसली, तर खरंखोटं जरूर करा. तिच्या गावात विचारा, दवाखान्यात विचारा, दोन माणसांना फोन लावा. तेवढं केलं की पुरे. तिच्या माणसाला मात्र भर बाजारात तोंडावरचं फडकं सोडायला लावू नका.